नंतरच्या मालकांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : फ्रान्समधल्या बूर्जची ती हवेली झाक कर या व्यापाऱ्याने बांधली, ती त्याचीच, नंतरचे मालक उपरे, त्यांच्यावर निम्मा लेख खर्ची घालायला नको होता.

मला हे पटत नाही. बांधकाम १४४३ मध्ये सुरू झालं. १४५१ मध्ये घर पुरं होत आलं आणि त्याच वर्षी ३१ जुलैला करला अटक झाली. हा सातव्या शार्लचा विश्वासू माणूस. नॉर्मंडी परत जिंकायला राजाला पैसा पुरवणारा. आरोप काय, तर राजाची प्रेयसी आन्येस सोरेल हिला विष घातलं! तो टिकला नाही, तरी दुसऱ्या आरोपांवर १४५३ मध्ये शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली. तो कैदेतून निसटला, पण पुन्हा फ्रान्सला आलाच नाही. १४५६ मध्ये खिओस बेटावर वारला. ज्या घरात तो धड नांदलाही नाही, त्याचा इतिहास त्याच्यापाशी कसा थांबवायचा?

पुढे घर मुलांना परत मिळालं. १६७९ मध्ये ते चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्याकडे आलं. १६८२ मध्ये त्याने ते शहराला विकलं. मग तिथे नगराचा कारभार आणि न्यायालय. दालनांची मोडतोड झाली, तुमचा त्यावरचा राग रास्त आहे. पण माणसांचा राबता होता, म्हणून छपराकडे कुणाचं तरी लक्ष राहिलं. बंद पडलेल्या हवेल्यांचं काय होतं ते आपण सगळे बघतो.

दर्शनी भिंत जरा निरखून बघा. खोट्या खिडक्यांतून एक दगडी पुरुष आणि एक स्त्री रस्त्याकडे वाकून बघताहेत. कठड्यांवर करची खूण म्हणून बदाम, म्हणजे हृदयाचा आकार (फ्रेंचमध्ये ‘कर’ म्हणजे हृदय), आणि शिंपले कोरलेत. दरवाजावर राजाचा अश्वारूढ पुतळा होता, तो राज्यक्रांतीत फोडला गेला. व्यापाऱ्याचे बदाम राहिले. हे नंतरच्यांना वगळून सांगता येत नाही. १९२३ मध्ये सरकारने वास्तू विकत घेऊन तिचं जुनं रूप परत आणायला घेतलं, तेही नवे मालक म्हणूनच.

तेव्हा तो भाग लेखात राहील. न्यायालयाच्या काळावर तर मला अजून लिहायचं आहे.