पेट्रोल टाकीच्या झाकणाला भोक पाडणे हा उपाय नव्हे

जुन्या पद्मिनी आणि ॲम्बॅसडर बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: गाडी उन्हात काही अंतर धावून बंद पडली की व्हेपर लॉक झाले समजावे, टाकीच्या झाकणाला बारीक भोक पाडावे आणि निर्धास्त व्हावे. यातले निदान अर्धवट आहे आणि उपाय धोक्याचा आहे.

आधी निदान पाहू. व्हेपर लॉकमध्ये इंजिनाच्या उष्णतेने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते; त्याचा झाकणाशी काहीच संबंध नसतो. टाकी कोंडण्याची गोष्ट वेगळी आहे. पंप जेवढे पेट्रोल ओढतो तेवढी हवा टाकीत यावी लागते; ती आली नाही तर आतला दाब घटत जातो, इंजिनावर चालणाऱ्या डायफ्रॅम पंपाची ओढ अपुरी पडते, कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर, म्हणजे इंजिनाला लागणारे पेट्रोल साठवणारी छोटी कुंडी, रिकामे होते आणि गाडी थांबते. गाडी बंद पडताच, आसपास विडी-काडी नाही याची खात्री करून, झाकण हळूच सैल करावे आणि कडेशी कागदाचा कपटा धरावा. कपटा आत ओढला गेला तर टाकी कोंडलेली आहे. नुसत्या ‘फुस्स’ आवाजावर विसंबू नये, कारण तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर पडतानाही तोच आवाज येतो. कपटा हलला नाही, पण पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी सुरू झाली, तर व्हेपर लॉकचा संशय रास्त आहे, आणि मग भोक पाडून काय साधणार?

‘भोकाने काही बिघडत नाही’ हे तर साफ चूक आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, हवेपेक्षा जड असते आणि बंद गॅरेजच्या जमिनीलगत साचून राहते. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी आत जाते. २० टक्के इथेनॉल असलेले आजचे पेट्रोल थोडे पाणी सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाशी बसते आणि पत्र्याला आतून गंज चढतो.

‘टाकी कोंडली तरी पत्र्याची आहे, तिला काय होणार’ असेही म्हटले जाते. ३० बाय ४० सेंटीमीटरच्या सपाट बाजूवर दाबात दर चौरस सेंटीमीटरला फक्त १०० ग्रॅमचा फरक पडला, तरी एकूण भार १२० किलो होतो. जुना पत्रा आत बसतो, सांधे उकलतात.

टाकीत हवा आणणारी नळी तुंबली की कंप्रेसरने हवा मारण्याचा सल्लाही दिला जातो; तोही घातक आहे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. जोराची हवा ती माती टाकीत ढकलते आणि झाकण बंद असेल तर टाकीच फुगवते. नळी दोन्ही टोकांनी सोडवून बाहेर काढावी, पातळ लवचिक तारेने साफ करावी, आणि रबरी तुकडा आतून फुगलेला किंवा चेपलेला असेल तर इथेनॉलला टिकणारा नवा घालावा.

ज्या मॉडेलमध्ये हवा झाकणातूनच घेतली जाते, तिथे हवेची सोय असलेलेच झाकण लावावे. त्याच मापाचे सीलबंद झाकण बाहेरून हुबेहूब तसेच दिसते, म्हणून विकत घेताना ते उलटे करून आतली झडप किंवा हवेची वाट पाहून घ्यावी.