गोदीची भिंत

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटलाय: मुंबई बंदराच्या जमिनीचं काय करायचं? मावसभाऊ म्हणतो, भलंमोठं कन्व्हेन्शन सेंटर बांधा, चार लोकांना रोजगार मिळेल. आत्याला बागेशिवाय काही नको. आणि दोघंही मला विचारतात, "तुमच्या व्हँकुव्हरला कसं आहे गं?"

इथलं सेंटर बंदराच्या अगदी काठावर आहे, काही भाग तर पाण्यात खांबांवर उभा. पश्चिमेकडची इमारत २००९ साली उघडली. छपरावर सहा एकरांत रानगवत आणि स्थानिक झाडं आहेत, मधमाश्यांच्या पेट्या आहेत. तिथे माणसांना फिरायला मुभा नाही. पाण्याखाली काँक्रीटच्या पायऱ्या मुद्दाम सोडल्यात, त्यांवर शिंपले नि समुद्री जीव वस्ती करतात. खर्च मात्र ४९.५ कोटी डॉलरच्या अंदाजावरून ८८.३ कोटींवर गेला. लोक चिडले होते. पैसा सरकारी होता, म्हणून जाब तरी विचारता आला.

पण मावसभावाला मी हे छप्पर दाखवणार नाही. दाखवीन ती इमारतीच्या कडेने जाणारी वाट. आत कुठलीही परिषद चालू असो, बाहेर कुणीही चालतं, सायकल चालवतं, बाकावर बसून डबा खातं. बाबा इथे आले होते तेव्हा त्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी थांबले आणि म्हणाले, "इथे सोडतात का आपल्याला?"

माझगावात जन्म काढलेला माणूस तो. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, पण मध्ये गोदीची भिंत. वरून क्रेनची टोकं तेवढी दिसायची. पाणी बघायचं तर भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या बागेत चढायचं, नाहीतर बस पकडून गिरगाव चौपाटी. बोट पकडायला भाऊचा धक्का होता, पण तिथे घटकाभर बसायला कोण जातं?

आत्याचंही सगळं मला पटत नाही. व्हँकुव्हरच्या या देखण्या काठापासून चालत जाण्याच्या अंतरावर फुटपाथवर झोपणारी माणसं आहेत, आणि शहरातली घरभाडी नोकरदारांनाही झेपत नाहीत. आपल्याकडे दारुखान्यात नि शिवडीला माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, जहाजं तोडण्याच्या कामावर जगलीयत. त्यांच्या घरांचा निकाल न लावता बाग झाली, तर ती बाग कुणाची?

सेंटरला माझा विरोध नाही. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, एक मोठं आधीच आहे; ते संकुल मिठी नदीच्या काठच्या दलदलीवर उभं केलेलं. २६ जुलै २००५ च्या पुरात मिठीचं पाणी कुठे शिरलं हे आम्ही पाहिलंय. म्हणून आणखी भराव नको. आणि भाऊच्या धक्क्यापासून शिवडीच्या किल्ल्यापर्यंत, रोहित पक्ष्यांची खाडी न दुखवता, पाण्याच्या कडेने चालत जाता येईल अशी रेघ आराखड्यावर आधी मारा. सभागृह कुठे बसवायचं ते त्यानंतर ठरवू.