आज किती?

सातशे छप्पन्न रुपये. माणशी एकशे आठ. जपमाळेत मणी असतात तेवढे. एवढे पैसे वाचवल्याबद्दल आज सात जणांच्या टेबलावर एका माणसाला टाळ्या मिळाल्या आणि मी तिथे गप्प बसून राहिले. तेव्हा तोंड उघडलं नाही म्हणून आता रात्री साडेबाराला मोबाईलवर टायपत बसलेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

झालं असं की शाळेतला एक मित्र न्यू जर्सीहून आलाय, म्हणून आम्ही जुने परळकर जेवायला भेटलो. लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. (बाबांची गिरणी नव्हे, शेजारची. बाबांच्या गिरणीच्या जागी टॉवर आहे.) गुरुवार असल्यामुळे बाटली टळली, नाहीतर आकडे वेगळे असते. जेवणाचे ७,२००. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ७२०. मग या दोन्हींवर मिळून पाच टक्के जीएसटी. एकूण ८,३१६.

आमच्यातला एक बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुकादमाला, बोलावलं आणि सुरू झाला. ४ जुलै २०२२ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं, २८ मार्च २०२५ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, नाव बदलूनही लावता येत नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवणार. सगळं तोंडपाठ. आणि सगळं बरोबर. मी त्या निकालाच्या विरोधात नाही हे आधीच सांगते, कमेंटमध्ये मला कायदा शिकवायला येऊ नका. कॅप्टन आत गेला, मॅनेजर बाहेर आला, ‘सॉरी सर’ झालं, नवं बिल आलं. ७,५६०. टीटीएमएम, तू तुझं मी माझं. सातही मोबाईल त्या क्यूआर कोडवर धरले गेले, मग ग्रुप फोटो, मग चला.

बडीशेपची वाटी जशी आली तशी परत गेली.

गिऱ्हाईकाने ठरवायचं ना? मग ठरवलं काय आपण? शून्य. सव्वादोन तास एक पोरगा आमच्या मागे उभा होता. सोलकढी न मागता तीनदा भरली. जर्सीवाल्याला तिखट झेपत नाहीये हे त्याच्या बायकोच्याही आधी त्या पोराने ओळखलं आणि गुपचूप ताक आणून ठेवलं. आमचे सातही जणांचे फोटो त्यानेच काढले, दोनदा, कारण पहिल्यात एकीचे डोळे मिटले होते. आणि आम्ही कोर्टाचा निकाल वापरून माणशी एकशे आठ रुपये घरी आणले.

त्यात जर्सीवाला म्हणतो, ‘आमच्याकडे वीस टक्के द्यावेच लागतात यार, इथे ही कटकट नाही ते बरंय.’ अरे बाबा, तुमच्याकडे का द्यावे लागतात? कारण तुमच्या केंद्रीय कायद्याने टीप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. १९९१ पासून तोच आकडा. काही राज्यं जास्त द्यायला लावतात, पण केंद्राचा आकडा हलला नाही. बाकीचा पगार गिऱ्हाईकाने भरायचा. म्हणजे मालकाच्या घरचं लग्न आणि आहेर आपला. आणि तू तिथे निमूट वीस टक्के मोजतोस, आणि आपल्या परळात आलास की तुला सुटल्यासारखं वाटतं?

असो. आता बाबांचं सांगते. ज्यांनी हे आधी ऐकलंय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळा.

बाबा साचेखात्यात होते, म्हणजे गिरणीत मागांवर कापड विणतात तिथे. गिरणीचा पगार दहा तारखेला. हजारावर कामगार असतील तिथे दहाव्या दिवसाच्या आत पगार झालाच पाहिजे असा १९३६ चा कायदा तेव्हा होता, हे मला फार नंतर कळलं. लहानपणी मला दहा तारीख हा सणच वाटायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पहिलीत होते. तो कधी संपला ते कुणी सांगितलंच नाही. दोन वर्षं गावी-इथे करून बाबा लालबागला एका परमिट रूममध्ये वेटर म्हणून लागले. तिथे पगार होता म्हणे. मी तो कधी पाहिला नाही, घेतलेल्या उचलीतच वळता व्हायचा. आम्ही जगायचो ते बशीतल्या चिल्लरवर.

रात्री एक-दीडला बाबा यायचे, शर्ट खिळ्याला लावायचे, मोरीत हातपाय धुवायला जायचे. तेवढ्यात आई खिशात हात घालायची आणि मोरीकडे तोंड करून विचारायची, ‘आज किती?’ पगाराची तारीख गेली आणि ‘आज किती’ आलं. संपाने आमच्या घराचं काय केलं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. सकाळी वाटा बांगड्याचा की मांदेलीचा की नुसती पिठी, ते आदल्या रात्री कुठल्या तरी अनोळखी माणसाला किती चढली होती त्यावर ठरायचं. मुसळधार पाऊस लागला की शाळेला सुट्टी म्हणून आम्ही भावंडं नाचायचो आणि आई आमच्याकडे अशी बघायची की बस.

मी सातवीत असताना आमचे गणिताचे सर त्या परमिट रूममध्ये आले. बाबांच्याच टेबलावर बसले. सरांनी ओळखलं, बाबांनीही ओळखलं, दोघेही काही बोलले नाहीत. जाताना सरांनी बशीखाली दहाची नोट ठेवली. १९८७ सालचे दहा रुपये! त्या रात्री आईने खिशात हात घातला आणि विचारलंच नाही. पण बाबांनी ती नोट काढून घेतली, माझ्या कंपासपेटीत ठेवली आणि म्हणाले, उद्या सरांना परत कर.

ते का, ते सांगते. आधी जरा भांडून घेते.

मला ‘बक्षिसी’ या शब्दाचाच राग आहे. गिरणगावातल्या पोरीला असायलाच हवा. मालक म्हणायचे बोनस ही आमची खुशी, कामगार म्हणायचे तो आमच्याच पगाराचा राहिलेला भाग. यावरून १९२४ साली मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या होत्या. बोनसचा कायदा यायला १९६५ साल उजाडलं. ८२ च्या संपाची ठिणगी पडली तीसुद्धा ८१ च्या दिवाळीच्या बोनसवरून. बक्षिसी नको, हक्काचं द्या, म्हणून तीन पिढ्या भांडल्या. आणि त्या भांडणात हरलेले माझे बाबा उरलेलं आयुष्य बक्षिसीवर जगले.

म्हणून मला टीप नको आहे. सर्व्हिस चार्जही नको आहे. पगार हवा. सुरमई थाळी ६५० ची ७१५ करा, मेनूकार्डावर छापा, मी देईन. आज अकाउंट्समधल्या माणसाचा पगार गिऱ्हाईकाच्या मूडवर ठरतो का? डोसा घालणाऱ्याचा, कोळंबी सोलणाऱ्याचा? मग ताट आणून देणाऱ्याचाच का? किमान वेतनाचा कायदा १९४८ ला आला, २०२५ पर्यंत चालला आणि टीप मिळते म्हणून पगार कमी द्या असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

नवरा (तो आत्ता बाजूला घोरतोय, पण हे संध्याकाळीच म्हणून झालं) म्हणतो, मालक ते वाढवलेले पासष्टही खिशात घालेल. घालेलही. मग त्याच्याशी भांडू, निदान भांडण कुणाशी आहे ते तरी कळेल.

आणि हो, मुंबईत गाळ्याचं भाडं अंगावर येतं, सहा टेबलांच्या हॉटेलवाल्याचंही पोट आहे. मान्य. मोठ्या ठिकाणचे काही वेटर पगारापेक्षा टीपेतच जास्त कमावतात, त्यांना माझं हे भाषण आवडणार नाही, तेही मान्य. पुढे.

यूपीआय आल्यापासून तर अजून मजा आहे. टेबलावरचा कोड मालकाचा. सुटे पैसे आपल्याकडे नसतातच. ‘अरे कॅश नाहीये रे’ म्हणून आपण मोकळे. ज्या चिल्लरवर आम्ही तीन भावंडं वाढलो ती या शहरातून कधी नाहीशी झाली ते कुणाला कळलंसुद्धा नाही. पगार तेवढा कुणी वाढवला नाही.

मी आज छत्री विसरले असं सांगून परत वर गेले. छत्री पर्समध्येच होती. तो पोरगा आमचंच टेबल पुसत होता. बंगालातल्या मालदाचा आहे. चौदा हजार, राहणं-खाणं मालकाचं. राहणं म्हणजे अकरा जणांत एक खोली. महिन्याला दोन सुट्ट्या. याच गिरणगावात कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. दर आठवड्याची! मी विचारलं, सर्व्हिस चार्ज तुला मिळतो का? तो म्हणाला, ‘पूल में जाता है मॅडम, उसमें से ब्रेकेज कटता है.’ सगळ्यांचा एकत्र गल्ला, आणि फुटलेल्या कपबशांचे पैसे त्यातूनच कापणार. म्हणजे आमच्या बँकवाल्याने वाचवले त्यातलं याच्या हातात किती पडलं असतं, देव जाणे.

दोनशे रुपये दिले. त्याने आधी वर कॅमेऱ्याकडे बघितलं, मग खाली वाकून नोट मोज्यात सरकवली आणि हसला. ते हसू मला माहीत आहे. साचेखात्याच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस घरातही ओरडूनच बोलतो. बाबा तसेच होते. परमिट रूममध्ये ते हळू बोलायला शिकले आणि हे असं हसायला शिकले. घरी आल्यावर ते हसू गालावरून उतरायला जरा वेळ लागायचा.

आणि जिना उतरताना मला छान वाटत होतं. इथेच घोळ आहे ना सगळा. दिले मी, बरं वाटलं मला. पोरगा पुन्हा टेबल पुसायला लागला.

तर ती नोट. दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि बाबांनी पढवलेलं म्हटलं, ‘सर, तुमचे काल राहिले होते.’ सरांनी नोट घेतली, वहीत ठेवली, मान हलवली. बस. मला बाबांचा इतका राग आला होता की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. दहा रुपये! बाबा एवढंच म्हणाले होते, ‘पालकसभेला मला त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचंय.’ आईने मात्र त्यांना कधी माफ केलं नाही. सर पुन्हा तिथे आलेच नाहीत, तेव्हा तिचा हिशोब साधा होता: नोट गेली ती गेली, गिऱ्हाईकही गेलं. कित्येक वर्षं बांगड्याचा भाव वाढला की ती ते दहा रुपये काढायची.

बँकवाल्या मित्रा, तू हे वाचशीलच. तुझ्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण उद्यापर्यंत उतरेल. पुढच्या वेळी निकाल जरूर वाचून दाखव, सर्व्हिस चार्ज काढायला लाव, मी टाळ्या वाजवते. पण मग मॅनेजर समोर उभाच आहे तर त्याला पुढचा प्रश्नही विचार, या पोराला पगार किती देता? तोंडपाठ करायला तेवढा एकच प्रश्न जास्तीचा आहे.

घरी आले तर आई जागीच होती. ऐंशी पूर्ण झाली, झोप लागत नाही. तिला सगळं सांगितलं. गिरणीचं आवार, निकाल, मालदाचा पोरगा, मोजा. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘दोनशे?’ म्हणाली. ‘सुटे नव्हते का?’