माशी शिंकली

माझी सगळ्यात चांगली फोमची माशी सध्या एका अनोळखी काकांच्या टोपीवर आहे. मी ती दिलेली नाही.

माशी म्हणजे फ्लाय फिशिंगची, मासा फसावा म्हणून गळावर बांधलेली खोटी, पाण्यावर तरंगणारी. काल रात्री दीड वाजेपर्यंत जागून बांधली. जॅक गार्टसाइड या अमेरिकन गड्याने काढलेली 'गर्गलर'. फोमची पट्टी पाठीवरून पुढे दुमडायची आणि डोक्याशी ओठासारखी उभी ठेवायची. हिसका दिला की पाणी गुळगुळतं. २ मिलिमीटरचा फोम, ८ नंबरचा गळ. (नंबर वाढला की गळ लहान होतो. हे ज्याने ठरवलं त्याला मला एकदा भेटायचंय.) दोरा सैल राहिला तर फोम गळाच्या दांडीभोवती गरगर फिरतो, आवळला तर सुरीने कापल्यासारखा कापला जातो. आधी दांडीवर दोऱ्याचा थर, मग सुपरग्लूचा थेंब, मग फोम, हे मला पाठ आहे. तरी चार गेल्या. पाचवी जमली तेव्हा माझा अंगठा तर्जनीला चिकटला होता.

सकाळी ती पाण्यावर जेमतेम टेकली, तोच मागून आवाज आला.

"मेलीय का?"

"खोटी आहे काका. मी बांधलीय."

"मुद्दाम?"

याला काय उत्तर देणार? मी हलका हिसका दिला.

"अहो, ही गुळण्या करतेय!"

मग मी समजावत बसलो, हा माझा जुना दोष. हरणाच्या केसांची माशी पाणी पिऊन जड होते. फोमचे बुडबुडे बंद असतात, पाणी शिरतच नाही.

"चपलेच्या तळाला असतो, तसलाच ना?"

तसलाच होता. म्हणूनच लागलं.

"आणि मासा मिळाल्यावर?"

"सोडून देतो."

काका बराच वेळ गप्प. "म्हणजे खोट्या माशीने खरा मासा धरायचा आणि सोडायचा. घरी काय सांगता?"

घरी मला काही सांगावंच लागत नाही. 'माशा मारायला गेलाय,' असं ते परस्परच सांगतात.

या प्रकारात खरी कला म्हणजे काही न करणं. माशी पडली की पाण्यावर वलयं उठतात. ती विरेपर्यंत हलायचं नाही. मी हललो नाही. शेवटचं वलय विरलं, खालून एक रुंद सावली वर आली, तोंड उघडलं...

"ओढाऽऽ!"

आणि मी ओढलं! माशाने तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबायचं असतं. हे मी स्वतः चार जणांना शिकवलंय, मोठ्या तोऱ्यात. माशी त्या उघड्या तोंडातून सुटली, माझ्या डोक्यावरून गेली आणि थेट काकांच्या टोपीत रुतली.

"घाबरू नका, गळाच्या टोकाचा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकलाय. लगेच निघेल."

"तरीच मासा सुटला!"

नाही हो! मासा सुटला तो तुमच्या ओरडण्याने! पण हे मी मनात म्हणालो. तोंडाने "असेल" म्हणालो, आणि त्याचाच राग अजून जात नाही. टोपीकडे हात नेला तर काका दोन पावलं मागे सरले.

"राहू द्या. नातीला आवडेल. तुमच्याकडे आणखी असतीलच."

होत्या ना. वाया गेलेल्या चार. त्यातली बरी शोधून टाकली. पाण्यावर पडताच ती दांडीभोवती फिरली आणि उताणी झाली.

आता ती खरंच मेल्यासारखी दिसत होती, पण विचारायला काका नव्हते.