आमच्या आगरातल्या चारशे पोफळी

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळाचा दिवस. दुपारी सव्वाबाराला दादाचा फोन आला. "वारा फिरला गं, आता दक्षिणेकडून लागलाय," एवढं ऐकू आलं, मागे काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज झाला आणि फोन बंद पडला. त्यानंतर सहा दिवस माझं आईशी बोलणं झालं नाही.

मी पुण्यात होते. माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लॉकडाऊनमुळे घराबाहेर पडायची सोय नव्हती, त्यामुळे दिवसभर टीव्हीसमोर बसून राहिले. संध्याकाळी सगळीकडे एकच बातमी होती, मुंबई बचावली. मुंबईत माझे काका-काकू आहेत, भाचरं आहेत, मला बरंच वाटलं. पण मुंबईवरून टळलेलं वादळ कुठेतरी गेलंच होतं ना? ते आमच्याकडे गेलं होतं. अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, मधले झोत त्याहूनही जोराचे. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, इकडे मंडणगड, दापोली. या नावांचा नंबर बातम्यांत यायला दोन दिवस लागले, कारण तिथून बातमी बाहेर पोचवायला ना वीज होती ना मोबाइलचा टॉवर.

सहाव्या दिवशी दादा पडलेल्या झाडांमधून वाट काढत मोटारसायकलने माणगावपर्यंत आला. तिथे रेंज मिळाली. म्हणाला, "माणसं सगळी बरी आहेत. आगर गेलं."

आगर म्हणजे काय, हे घाटावरच्या माझ्या मित्रमैत्रिणींना नीट सांगायला हवं. ती बाग असते, पण हौसेची नव्हे. घराच्या मागच्या दारातून पायरी उतरली की आगर सुरू होतं. उंच माड म्हणजे नारळ, त्यांच्या खाली दाटीने पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर चढवलेले मिरवेल, त्या सावलीत जायफळ, कडेला केळी, मधून शिंपण्याचे पाट. चार मजली घरासारखी रचना असते ती, वरच्याच्या आधाराने खालचा जगतो. आमचं आगर २२ गुंठ्यांचं. त्यात साधारण चारशे पोफळी आणि साठेक माड. त्यातल्या पुष्कळ पोफळी आजोबांच्या हातच्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी म्हणून जी नावाजलेली आहे, ती यांच्यावरची. माझं डी.एड. त्या सुपारीवर झालं, माझ्या लग्नातला निम्मा खर्चही.

मी जूनच्या शेवटी पास काढून ताम्हिणीमार्गे गेले. म्हसळ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून ढकललेली झाडं होती आणि डोंगर असे दिसत होते, जसे मार्चमध्येही दिसत नाहीत. झाडं उभी होती, पण त्यांना पानं नव्हती. घरात शिरले आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर उजेड. आमच्या माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. त्या दिवशी तिथे चक्क ऊन पडलं होतं. मागच्या दारात उभी राहिले तर थेट समुद्र दिसला. चाळीस वर्षांत त्या दारातून मी समुद्र ऐकला होता, पाहिला नव्हता.

आई म्हणाली, सकाळी वारा पूर्वेकडून होता, डोंगराच्या बाजूने. तेव्हा माड वाकत होते आणि परत सरळ होत होते. मग वारा हळूहळू दक्षिणेला फिरला आणि शेवटी समुद्राकडून आला. जे एका बाजूने सैल झालं होतं, ते दुसऱ्या बाजूने उपटलं. माड मुळासकट गेले. पोफळी मध्येच मोडल्या, एक पडली की शेजारच्या दोघींना घेऊन. आई, दादा, वहिनी आणि मुलं देवघरात बसून होती, कारण तेवढ्याच खोलीला स्लॅब आहे. कौलं उडण्याचा आवाज तासभर चालला होता म्हणे. मग मोजणी झाली. ३१० पोफळी, २१ माड.

वीज यायला आमच्या वाडीत ३४ दिवस लागले. विजेशिवाय दिवा नसतो हे सगळ्यांना कळतं, पाणी नसतं हे कळत नाही. विहीर भरलेली, पण पंप बंद. आजोबांच्या काळात रहाट होता, बैल होता, लोट्यांनी पाणी चढायचं. पंप आला आणि रहाट गेला, त्यात चूक कुणाची नाही. पण जूनमध्ये साठीची आई पोहऱ्याने पाणी ओढत होती. फोन चार्ज करायला कुणीतरी गावात जनरेटर आणला होता, तिथे रांग लागायची. मला वाटतं, किनाऱ्यावरच्या गावांत विजेच्या तारा जमिनीखालून न्यायला हव्यात ही मागणी आपण कधी सोडू नये. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात अलिबागसारख्या शहरात हे काम हाती घेतलं गेलं. ते शहरात थांबता कामा नये. वाड्यावस्त्यांवर एक खांब पडला की पुढचे वीस अंधारात जातात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, त्याकडे येते.

वादळानंतर सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण हेक्टर म्हणजे जवळपास ९९ गुंठे, आणि आमच्याकडे कुणाचं आगर हेक्टरात नसतं. कुणाचं ५ गुंठे, कुणाचं ८, आमचं २२ म्हणजे थोरलं समजायचं. गुंठ्याला हिशेब लावलात तर जेमतेम ५०० रुपये पडतात. ५ गुंठेवाल्याच्या हातात अडीच हजार. बरीच ओरड झाल्यावर झाडामागे मदत द्यायचं ठरलं: माडाला २५० रुपये आणि पोफळीला ५०. मापाची पद्धत बदलली हे चांगलंच झालं, मी ते मनापासून म्हणते. पण एक चांगली पोफळ वर्षाला दीड-दोन किलो सुपारी देते, आणि एका किलोचा भाव तेव्हाही ५० रुपयांच्या कितीतरी वर होता. मोडलेली पोफळ तोडून, ओढून, आगराबाहेर टाकायला गड्याची जी मजुरी द्यावी लागली, तीसुद्धा त्या ५० रुपयांत भागत नव्हती.

आणि खरं नुकसान या वर्षीच्या सुपारीचं नव्हतंच. पोफळीचं रोप लावलं की पहिली पोय, म्हणजे फुलोरा, दिसायला पाच-सहा वर्षं जातात, भरवशाचं पीक यायला आठ-दहा. माडाचंही साधारण तसंच. भात बुडालं तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरता येतं. आगर गेलं की एका माणसाच्या कमावत्या आयुष्यातली दहा वर्षं जातात. आपल्या मदतीच्या नियमांत एकरकमी पैसे आहेत, वर्षं नाहीत. रोप लावल्यापासून ते पोय येईपर्यंत त्या घराने खायचं काय, हा प्रश्न कुठल्याही पंचनाम्याच्या रकान्यात नव्हता. मला तो रकाना हवा आहे. दर वर्षी थोडी थोडी, झाड जगवल्याचं बघून, पाच-सात वर्षं मिळणारी मदत हवी आहे.

वादळं आधी नव्हती असं नाही. आजी अठ्ठेचाळीसच्या वादळाची गोष्ट सांगायची. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर आलेलं ते वादळ, त्याचा तडाखा आमच्याकडेही लागला होता. ती सांगायची तेव्हा आम्हा मुलांना ते पुराणातलं वाटायचं, कारण त्यानंतर सांगण्यासारखं फारसं काही तिच्याकडे नव्हतं. माझ्या मुलीला मात्र मी एका दमात यादी सांगू शकते. २००९ चं फयान, नोव्हेंबरातलं, होड्या समुद्रात असताना आलेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी त्यात गेले. २०१७ चं ओखी, ज्यात केरळ-तामिळनाडूच्या होड्या शेकडो मैल वाहत आल्या आणि देवगडच्या बंदरात आसऱ्याला लागल्या. २०१९ च्या दिवाळीतलं क्यार. ते आमच्या किनाऱ्याला शिवलंसुद्धा नाही, ओमानकडे निघून गेलं, पण जाता जाता इतका पाऊस ओतून गेलं की कापून पसरलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले. त्याच्या पाठोपाठ महा. मग निसर्ग. आणि निसर्गला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, मे २०२१ मध्ये, तौक्ते. ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं, पण नव्याने चढवलेली कौलं पुन्हा घेऊन गेलं. झाडांवर उरलेला हापूसही जमिनीवर आला. त्याच वादळात बॉम्बे हाय परिसरातल्या तेलविहिरींजवळ पी-३०५ हा कामगारांचा बार्ज बुडून किती कुटुंबं उघड्यावर पडली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळाचा अभ्यास २०२१ मध्ये मांडला. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आहे आणि ती टिकण्याचा काळ ८० टक्क्यांनी. कारण पाणी तापतंय. चक्रीवादळ समुद्राच्या वरच्या थरातल्या उष्णतेवर पोसलं जातं, आणि आपला समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने थंड असायचा. तेवढ्या थंडाव्यावर आमच्या पूर्वजांनी समुद्राच्या इतक्या जवळ, इतकी उंच झाडं लावली होती.

म्हणून "असं वादळ शंभर वर्षांतून एकदा येतं, आता काळजी नको" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. निसर्गच्या वेळी हे वाक्य मी जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलं. अकरा महिन्यांत तौक्ते आलं.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. माणसं वाचवणं आपल्याला जमायला लागलंय. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली होती. त्याच ओडिशाने २०१९ मध्ये फनीच्या आधी १२ लाख लोक हलवले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. निसर्गच्या वेळीही हवामान खात्याचा अंदाज अचूक होता, किनाऱ्यावरची बरीच घरं आदल्या दिवशी रिकामी केली होती, कोरोनाच्या भीतीतही शाळांमध्ये लोकांची सोय झाली होती. ज्यांनी हे केलं त्यांना हात जोडते. पण मृतांचा आकडा लहान म्हणजे वादळ लहान, असं गणित त्यातूनच रूढ झालं. त्या गणितात दादासारखी माणसं कुठेच येत नाहीत. ती जिवंत आहेत, म्हणून त्यांचं काही गेलेलं नाही.

दादाने आगर पुन्हा लावायला घेतलं तेव्हा रोपं मिळेनात. रोपवाटिकेत पोफळीचं रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि अख्ख्या तालुक्याला ती एकदमच हवी होती. शेवटी वाचलेल्या नव्वद पोफळींमधल्या चांगल्या झाडांची बेडी, म्हणजे बियाण्याच्या सुपाऱ्या, निवडून त्याने घरीच रुजत घातली. सावली नव्हती. कोवळ्या पोफळीला पश्चिमेचं ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावल्या आणि केळींच्या आडोशाला रोपं. जायफळाची झाडं पडली नव्हती, पण वरची सावली गेल्यावर ती उन्हाने करपली आणि दोन उन्हाळ्यांत वाळून गेली. पंचनाम्यात ती "उभी" म्हणून होती.

किनाऱ्यावर लावलेल्या सुरूच्या झाडांच्या रांगा झोपल्या होत्या. आमच्या गावात केवड्याचं बन जिथे शिल्लक होतं तिथली वाळू मात्र जागच्या जागी राहिली, हे मी स्वतः पाहिलं. केवडा कुणी वाढवत नाही, कारण त्यात बसून फोटो काढता येत नाहीत आणि गाडी लावता येत नाही.

याच काळात जमिनी घेणारे यायला लागले. पडलेल्या आगराला भाव सांगणं सोपं असतं. आमच्या वाडीतली तीन आगरं विकली गेली, तिथे आता पर्यटकांसाठी खोल्या आहेत. विकणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. साठीच्या माणसाने दहा वर्षं थांबायचं कशाच्या जिवावर? पण त्या खोल्यांसमोर उभी राहिले की मला वाटतं, ही आगरं वाऱ्याने फक्त पाडली. नंतर त्या माणसाजवळ कुणी थांबलं नाही, म्हणून ती गेली.

त्या थांबण्यात आपणही येतो, मुंबई-पुण्यात राहणारे. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. काका, आत्या, आत्याची मुलं, मी. मदतीची रक्कम दादाच्या खात्यात जमा व्हायला बाकी दहा जणांची संमतीपत्रं लागत होती, आणि लॉकडाऊनमध्ये एक जण बोरिवलीत, एक नाशिकला, एक दुबईला. नुकसान दादाचं, सही आमची. पत्रं गोळा होईपर्यंत सात महिने गेले. तोवर त्याने वहिनीच्या बांगड्या गहाण ठेवून कौलं घेतली होती, हे मला पुढच्या वर्षी कळलं. शिंपणारा एक, कसणारा एक आणि कागदावर अकरा, हे कोकणात घरोघर आहे. हे दुरुस्त करायला कुठल्याही सरकारची वाट बघायला नको. जो आगर सांभाळतो त्याच्या नावावर ते करून द्यावं. ज्यांना हक्क सोडायचा नसेल त्यांनी निदान कायमचं कुलमुखत्यारपत्र तरी द्यावं, आणि ते आत्ता, आकाश निरभ्र असताना.

आमच्या घरात हे काम येत्या गणपतीत करायचं ठरलंय. कागद तयार आहेत. अकरांपैकी नऊ जण येतायत, दुबईचा भाऊ तिकडच्या वाणिज्य दूतावासातून मुखत्यारपत्र करून पाठवतोय. राहिलेल्या एका आत्याकडे मी येत्या रविवारी जाणार आहे. सोबत दादाने पाठवलेला फोटो घेऊन जाईन, घरच्या बेड्यांपासून वाढवलेल्या पोफळीला आलेल्या पहिल्या पोयीचा. ते झाड तिच्या वडिलांनी लावलेल्या पोफळीचं आहे, हे तिला अजून माहीत नाही.