खुलासा : ‘आफ्रिकेतल्या लोकांना चित्र कळत नाही’ हे खरं नाही

सध्या फिरणाऱ्या मजकुरात हा दावा मानसशास्त्रज्ञ हडसनच्या 1960 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगाच्या नावावर खपवला जातोय. त्यातल्या एका रेषाचित्रात भाला उगारलेला शिकारी, समोर हरीण आणि मधे दूरच्या टेकडीवर इवलासा हत्ती होता. शिकाऱ्याच्या जवळ कोण, असं विचारल्यावर अनेकांनी हत्ती सांगितला. कागदावर तो खरोखरच जवळ आहे! शिवाय हेच उत्तर गोऱ्या मजुरांमध्येही पुष्कळांनी दिलं होतं. नेमकं तेवढंच गाळलं जातं, याची चीड येते.

चित्रातलं जवळ-दूर ओळखणं वेगळं, प्राणी ओळखणं वेगळं. इथिओपियातल्या दुर्गम भागातल्या मेएन लोकांना कागदच अनोळखी होता. म्हणून 1972 च्या अभ्यासात त्यांना जाड्याभरड्या कापडावर छापलेली हरीण आणि बिबट्याची चित्रं दाखवली. थोडा वेळ लागला, पण बहुतेकांनी ती ओळखली.