बॉम्बरमॅनची कंपनी आपल्या डुप्लिकेट कॅसेटांनी बुडाली म्हणे! साफ खोटं आहे

परवा रात्री अकरा वाजता दादाचा फोन. "अरे, ते बॉम्बरमॅनवाले आपल्यामुळे बुडाले म्हणे." आवाज उतरलेला. नव्वदच्या दशकात दादाने आमच्या ओट्यावर दोन टीव्ही मांडून डुप्लिकेट कॅसेटांवर व्हिडिओ गेम चालवले, तासाला ५ रुपये, माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातूनच यायचे. त्यामुळे त्याला ते लागलं.

फॅमिली ग्रुपवर जो लांबलचक मेसेज फिरतोय त्यात म्हटलंय की बॉम्बरमॅन गेम बनवणारी हडसन नावाची कंपनी कुणा अमेरिकन हडसनसाहेबाची होती, तिच्या चॅम्पियन माणसाला रिमोटमध्ये स्प्रिंग बसवून फसवणूक केली म्हणून अटक झाली, आणि डुप्लिकेट कॅसेटांमुळे १९९७ मध्ये तिचं दिवाळं निघालं. वर शेवटी, "आपली पिढी चोर होती, मुलांना सांगा." हे असलं काहीतरी न तपासता पुढे ढकलायचं आणि पन्नाशीच्या माणसाला झोप लागू द्यायची नाही, याचा मला मनापासून राग आलाय.

आधी ते अटकेचं, कारण एका जिवंत माणसाची बदनामी आहे ती. हा माणूस म्हणजे ताकाहाशी मेइजिन. मेइजिन हे आडनाव नाही, उस्ताद म्हणतो ना आपण, तसा किताब आहे. हडसनमध्ये नोकरीला होता, आणि एका सेकंदात १६ वेळा बटण दाबतो म्हणून १९८५-८६ ला जपानची पोरं त्याच्यामागे वेडी होती. तुम्ही त्याला पाहिलंय बरं का! हडसनच्याच ॲडव्हेंचर आयलंड गेममधला तो टोपीवाला, गवताचा घागरा नेसलेला, दगडी कुऱ्हाडी फेकत पळणारा आणि मध्येच स्केटबोर्डवर चढणारा, तो हाच. जपानमध्ये त्या गेमच्या नावातच ताकाहाशी मेइजिन आहे, बाहेरच्या देशांसाठी नाव बदललं.

तर स्प्रिंगची आणि अटकेची अफवा जपानमध्येच तेव्हा शाळाशाळांतून पसरली होती. ती कशी सुरू झाली हे त्याने स्वतः नंतर सांगितलंय. जपानमध्ये प्रसिद्ध माणसांना एका दिवसापुरतं पोलीस ठाण्याचं मानाचं प्रमुखपद देतात, तसं त्यालाही बोलावलं होतं. "ताकाहाशी पोलीस ठाण्यात गेला" एवढंच पोरांनी ऐकलं आणि त्याचं "पकडला गेला" झालं. बास, एवढंच. सन्मानाला गेलेल्या माणसाची अटक करून टाकली, आणि इतक्या वर्षांनी तीच चहाडी मराठीत आमच्या ग्रुपवर. हा तोच माणूस जो पोरांना सांगायचा, गेम दिवसाला एकच तास खेळा, म्हणजे गेम विकणाऱ्या कंपनीचा माणूस असून!

आता दिवाळं. कोनामी या दुसऱ्या जपानी गेम कंपनीचं जानेवारी २०१२ चं अधिकृत निवेदन आहे की हडसन १ मार्च २०१२ पासून कोनामी डिजिटल एंटरटेनमेंटमध्ये विलीन होणार. विलीन, दिवाळखोर नाही. १९९७ ला मेलेली कंपनी २०१२ ला विलीन कशी होईल ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. आणि १९९८ ला निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीसाठी पहिला मारिओ पार्टी गेम कुणी बनवला? हडसननेच, आणि २००७ च्या आठव्या भागापर्यंत तीच बनवत होती ती मालिका.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, १९९७ हे साल मेसेजवाल्याने हवेतून काढलेलं नाही. त्या नोव्हेंबरमध्ये होक्काइदो ताकुशोकू बँक बुडाली, आणि तीच हडसनची मुख्य बँक होती. फटका जोरात बसला, पैसा उभा करायला दुसरीकडे बघावं लागलं. २००१ मध्ये कोनामी सगळ्यात मोठी भागधारक झाली, २००५ ला निम्म्याहून जास्त शेअर तिच्याकडे गेले, एप्रिल २०११ ला पूर्ण मालकी आणि पुढच्या वर्षी नावच गेलं. म्हणजे बँक बुडाल्यापासून नाव पुसायला १४ वर्षं लागली, आणि यात आमच्या ओट्याचा संबंध कुठे येतो?

कॅसेटा डुप्लिकेट होत्या, हो, होत्याच. दादाकडच्या पिवळ्या कॅसेटवर कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, फक्त ९९९९ इन वन असा आकडा, आणि आत फिरून फिरून तेच वीस-पंचवीस गेम. पैसे हडसनला गेले नाहीत हे खरंय. पण ओरिजिनल कॅसेट आमच्या गावात कुठल्या दुकानात मिळत होती का? जे विकायलाच नव्हतं त्याचं गिऱ्हाईक आम्ही कसं तोडलं? शिवाय तारखा बघा. नट्स अँड मिल्क आणि लोड रनर १९८४ चे, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम मशीनवर बाहेरच्या कंपनीचे पहिले गेम हेच, आणि जपानमध्ये लोड रनर १० लाखांच्या वर खपला. बॉम्बरमॅन १९८५ चा. १९८७ ला तर हडसन एनईसी या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीबरोबर स्वतःचं पीसी इंजिन नावाचं गेम मशीन काढून मोकळी झाली, त्याचे गेम एटीएम कार्डाएवढ्या पातळ कार्डांवर यायचे. आमच्याकडे त्या कॅसेटा पोचेपर्यंत हडसनची त्या गेमांची कमाई केव्हाच करून झाली होती.

अमेरिकन मालकाचं एका ओळीत सांगतो. १९७३ मध्ये सप्पोरो शहरात कुदो आडनावाच्या दोन भावांनी सुरू केलेली कंपनी, आधी हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचांचं सामान विकायचे. दोघांना आगगाड्यांचं वेड, आणि हडसन हे वाफेच्या इंजिनाच्या एका चाकरचनेचं नाव, पुढे ४, मध्ये ६, मागे ४ चाकं. त्यावरून नाव.

हे सगळं मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बॉम्बरमॅनचं शेवटी काय होतं रे? आपल्या ओट्यावर कुणीच संपवला नाही." मी म्हटलं, ५० लेव्हल झाल्या की तो रोबो पळत पळत माणूस होतो, आणि स्क्रीनवर येतं की आता लोड रनरमध्ये भेटू, म्हणजे लोड रनरमधला तो पळणारा हाच.

"अरे, तो तर त्याच पिवळ्या कॅसेटमध्ये होता," दादा म्हणाला. "त्याच्या खालच्याच नंबरला."